मोडलेल्या संसाराची वांटणी

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका संध्याकाळीं आमच्याकडे आमचे दोन जुने विद्यार्थी आले. एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी असें म्हणणें अधिक बरोबर. कारण त्यापूर्वीं अकरा वर्षें आम्हीं त्यांच्या लग्नांत अक्षता टाकल्या होत्या, आणि आतां तीं दोघें परस्परांच्या संमतीनें विभक्त होण्याचें ठरवून आलीं होतीं. भांडण संपलें होतें. रडणेंहि संपलें होतें. एकाच घरांत परंतु निराळ्या खोल्यांत राहून त्यांनीं कायद्याला लागणारें एक वर्ष काढलें होतें. सन १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं जें तेरा-ब कलम घातलें गेलें त्याखालीं दोघांनीं मिळून अर्ज करावयाचा, आणि मालमत्तेच्या व मुलीच्या व्यवस्थेच्या अटी आपसांत ठरवून त्या अर्जाबरोबर द्यावयाच्या, असें वकिलानें त्यांना सांगितलें होतें. त्या अटी ठरविण्यासाठीं दोघांचाहि विश्वास असलेला तिऱ्हाईत त्यांना हवा होता.

आम्हीं रुकार दिला. त्यांत परोपकाराइतकाच गर्व होता, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. न्यायाची कल्पना हा विषय आम्ही एकोणतीस वर्षें शिकवीत आहों. वांटपाचा न्याय निराळा आणि भरपाईचा न्याय निराळा हा ॲरिस्टॉटलनें केलेला भेद फळ्यावर दोन आकृति काढून आम्हीं किती वेळां समजावून दिला असेल, त्याची गणती नाहीं. एक फ्लॅट, कांहीं ठेवी, कांहीं दागिने, थोडी भांडींकुंडीं आणि सात वर्षांची एक मुलगी यांची व्यवस्था आपणांस तीन संध्याकाळींत सहज लावतां येईल असें आम्हांस वाटलें.

पहिली संध्याकाळ फ्लॅटकडे गेली. तो नवऱ्याच्या नांवावर. बँकेचे हप्ते त्याच्या पगारांतून जात. पण आरंभीं भरावयाच्या रकमेचा मोठा भाग मुलीच्या वडिलांनीं आपल्या निवृत्तीच्या पैशांतून दिलेला, आणि त्याबद्दल कागद कांहींच नाहीं. मूल झाल्यावर तिनें चार वर्षें नोकरी सोडली, आणि पुन्हा धरली तेव्हां ज्या पायरीवरून ती उतरली होती तिच्याहि खालच्या पायरीवर तिला उभें राहावें लागलें. याच चार वर्षांत त्याला दोन बढत्या मिळाल्या. तो मनाचा सरळ. त्यानें आपण होऊनच निम्मा हिस्सा देऊं केला. मात्र ‘देऊं केला’ हे शब्द तिला बोचले. "सर, माझंच मला देण्यात औदार्य कसलं?" असें ती म्हणाली. त्यावर तो गप्प राहिला, आणि आम्हीहि.

तिच्या या प्रश्नाला आपल्याकडील कायद्याचें उत्तर आजहि मोठें संकोचाचें आहे. हिंदु विवाह कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानें न्यायालयाला ज्या वस्तूंची वांटणी करतां येते त्या वस्तु म्हणजे लग्नाच्या वेळीं किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या समाईक मालकीच्या असूं शकतील अशा. संसार चालू असतां जें मिळविलें त्याविषयीं कलम मौन धरतें. तेथें ज्याचें नांव त्याची वस्तु, हाच नियम. पंचविसाव्या कलमाप्रमाणें पोटगी मागतां येते, घरांत राहण्याचा आश्रय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारासंबंधीं कायद्यानें मागतां येतो. पण पोटगी आणि आश्रय हीं मागण्याचीं रूपें आहेत, मालकीचीं नव्हेत. नवऱ्याच्या स्थावरांत बायकोला कांहीं हिस्सा द्यावा असें एक विधेयक २०१३ सालीं राज्यसभेनें मंजूर केलें होतें. तें लोकसभेंत अडकलें आणि पुढल्या वर्षीं तिच्याबरोबरच संपलें.

स्त्रीधनाच्या बाबतींत आपले जुने ग्रंथकार या नव्या कायद्यापेक्षां पुष्कळ उदार होते. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्त्रीधनाची व्याख्या इतकी रुंद केली कीं, पुढल्या टीकाकारांना आणि इंग्रजी न्यायाधीशांना ती पुन्हा अरुंद करण्यासाठीं बरेच कष्ट पडले. सर्वोच्च न्यायालयाला १९८५ सालीं प्रतिभा राणीच्या खटल्यांत स्पष्ट सांगावें लागलें कीं, बायको सासरीं नांदूं लागली म्हणून तिचें स्त्रीधन दोघांचें होत नाहीं. तें तिचेंच, आणि नवरा त्याचा केवळ विश्वस्त. हें सांगावें लागलें यांतच व्यवहार कसा चालत होता तें दिसतें. दागिने लग्नांत सर्वांसमक्ष दिले जातात आणि मोडतेवेळीं सासूच्या कपाटांतून निघत नाहींत, ही गोष्ट कोणास ठाऊक नाहीं?

परंतु स्त्रीधन म्हणजे माहेरची शिदोरी. संसारांत जें नवें उत्पन्न झालें त्याचें काय? या प्रश्नाला आपल्या शेजारींच एक निराळें उत्तर दीडशें वर्षें उभें आहे, आणि महाराष्ट्रांतल्या सुशिक्षितांना त्याची माहिती आश्चर्य वाटावें इतकी थोडी आहे. गोव्यांत १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला आणि १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावरहि विवाह, वारसा इत्यादि बाबतींत तो तसाच राहिला. लग्नापूर्वीं करार करून निराळी व्यवस्था केली नसेल तर नवरा-बायकोचें सर्व धन एका पेटींत पडतें आणि त्याचे दोघेहि अर्धे अर्धे धनी होतात. म्हणूनच तेथें घर किंवा जमीन विकावयाची झाली कीं दोघांच्या सह्या लागतात. संसार मोडला तर पेटी उघडून तिचे दोन भाग करावयाचे. कोणीं किती कमावलें हा प्रश्नच नाहीं. कर्जहि अर्धें होतें, हें मात्र विसरूं नये. अर्धे धनी म्हणजे अर्धे ऋणकोहि.

आमच्या मतें येथें गोव्याचा कायदा न्यायाच्या अधिक जवळ आहे, आणि तो स्त्रीवर दया करतो म्हणून नव्हे. तो हिशेब बरोबर मांडतो. नवऱ्याचा पगार ही एकट्या नवऱ्याची कमाई आहे असें म्हणणाऱ्यानें एवढेंच सांगावें कीं, त्या चार वर्षांत मूल आजारी पडलें त्या रात्रीं जागलें कोण, आणि दुसऱ्या दिवशीं दहा वाजतां झोप झालेला माणूस कचेरींत गेला तो कोणाच्या जिवावर? इंग्लंडांत व्हाइट दंपतीच्या खटल्यांत २००० सालीं सरदारसभेच्या न्यायाधीशांनीं हीच गोष्ट मान्य केली: मिळविणारा आणि घर सांभाळणारा यांत पंक्तिप्रपंच करूं नये, आणि वांटणी समतेच्या फूटपट्टीनें तपासून पाहावी. २०२३ सालीं मद्रासच्या उच्च न्यायालयानेंहि, नवऱ्याला कमावतां यावें म्हणून घर चालविणारी बायको त्या कमाईंतून घेतलेल्या मालमत्तेंत निम्म्याची भागीदार आहे असा निकाल दिला. न्यायाधीश कायद्याच्या पुढें चालूं लागले कीं कायदेमंडळानें समजावें, आपण मागें राहिलों.

दोष कोणाचा यावर हिस्सा कमीजास्त करावा कीं काय, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. व्यभिचार्यानेंहि घराचे हप्ते भरलेले असतात. दोषाची शिक्षा करावयाचीच तर ती निराळी करावी; भागीदारीच्या वहीवर शाई सांडूं नये.

येथपर्यंत, वाचक म्हणेल, तुमची न्यायबुद्धि ठीकच चालली. होय, पहिली संध्याकाळ चांगली गेली. दुसरी संध्याकाळ एका तांब्याच्या बंबापायीं गेली. तो त्याच्या आजीचा, पण लग्नांत तिच्या हातीं सोपविलेला. त्या फ्लॅटच्या न्हाणींत विजेचा गीझर आहे आणि बंब अकरा वर्षांत एकदांहि पेटलेला नाहीं. तरीहि दोघें त्याच्यावर अडीच तास अडून बसलीं, आणि लाखों रुपयांच्या फ्लॅटपायीं ज्यांचा आवाज चढला नव्हता त्यांचा तो येथें चढला. आम्ही तेव्हां मनांत हंसलों. पण वस्तु हातांतून सुटली कीं तिच्याबरोबर आपण कोण होतों याची साक्षहि जाते, आणि साक्षीचे दोन भाग होत नाहींत, हें आमच्या त्या वेळीं ध्यानांत यावयास हवें होतें. शेवटीं बंब आमच्याकडे तात्पुरता ठेवावयाचा असें ठरलें.

तिसऱ्या संध्याकाळीं त्यानें संगणकावर केलेला एक तक्ता आणला होता. वर्षाचे दिवस ३६५. त्यांस दोनानें भाग जात नाहीं. शाळेचे दिवस, सुट्या, सण, आजोळ, सगळें निरनिराळ्या रंगांत. तिचें म्हणणें, शाळेच्या रात्रीं मुलगी आपल्याजवळ असावी. त्याचें म्हणणें, अर्धे दिवस म्हणजे अर्धे दिवस, सर, फ्लॅटचा अर्धा मीं आपण होऊन दिला ना? अकरा वाजले तरी गाडें हलेना. मग ती एकदम म्हणाली, "फ्लॅटमधला माझा अर्धा वाटाही ह्याला द्या. शाळेच्या रात्री तेवढ्या माझ्याकडे लिहा."

या ठिकाणीं आम्हीं काय केलें? आम्हीं पेन्सिल उचलली. कोंडी फुटली असें आम्हांस वाटलें. किती रात्रींस किती टक्के याचा हिशेब आमच्या डोक्यांत सुरूहि झाला होता. त्यानें मान खालीं घातली होती, ती वर न करतां तो म्हणाला, "सर, लिहू नका."

त्या दोन शब्दांनीं आम्हांस जें शिकविलें तें एकोणतीस वर्षांच्या अध्यापनानें शिकविलें नव्हतें. पण शिकावयास वेळ लागला. त्या रात्रीं आम्हां तिघांनाहि लाज वाटली, आणि लाजेपायीं आम्हीं समतेचा आसरा घेतला. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. रविवारीं संध्याकाळीं अदलाबदल. बावन्न आठवड्यांचे सव्वीस सव्वीस झाले, उरला एक दिवस. तो मुलीचा वाढदिवस, तेव्हां तिघांनीं एकत्र जेवावयाचें. फ्लॅट विकून निम्मे निम्मे पैसे घ्यावयाचे. भाद्रपदांत अर्ज दाखल झाला. या व्यवस्थेचा आम्हांस फार अभिमान वाटला, हेंहि सांगून टाकतों.

राजा सॉलोमन आणि दोन आया यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आपल्या महोसधाच्या जातकांत तीच गोष्ट आहे. तेथें रेघ ओढून मूल मध्यें ठेवतात, एकीकडे आई ओढते, दुसरीकडे यक्षिणी, आणि मूल रडूं लागतांच जी हात सोडते ती आई ठरते. ब्रेख्त नांवाच्या जर्मन नाटककारानें ही गोष्ट उलटी केली. त्याच्या नाटकांत हात सोडणारी ती जन्मदात्री नव्हे, वाढविणारी. आणि मूल तिलाच मिळतें. चिं. त्र्यं. खानोलकरांनीं त्याचें ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हें मराठी रूपांतर केलें. या सर्व कथांत एक सोय आहे. दोघींतील एक खोटी आहे. न्यायाधीशाची चतुराई खोटीला उघडें पाडण्यापुरती पुरते. आमच्यापुढें बसलेलीं दोघेंहि खरीं होतीं, आणि दोघें खरीं असलीं म्हणजे सॉलोमनची तरवार म्यानांतच राहते.

याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. कथेंत जी सोडते तिला मूल मिळतें. वाटाघाटीच्या खोलींत जी सोडूं शकत नाहीं तिचें घर जातें. कायद्याच्या छायेंत चालणाऱ्या अशा सौद्याचें विवेचन १९७९ सालीं म्नूकिन आणि कॉर्नहाउसर या दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं केलें. कोर्टांत काय होईल याची भीति ज्याला अधिक, तो कोर्टाबाहेर अधिक सोडतो; आणि मुलाच्या बाबतींत जो अधिक माया करतो तोच अधिक भितो. म्हणजे प्रेमाला दंड बसतो. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रेमावर आम्ही त्या रात्रीं दंडाची रक्कम लिहिणार होतों, आणि आम्हीं न्यायावर पुस्तक लिहिलेलें आहे!

मालमत्ता आणि मूल या दोन व्यवस्था एका कागदावर येतात म्हणून आम्ही त्यांना एकाच जातीच्या समजतों. त्या तशा नाहींत. मालमत्तेच्या वांटणींत दोघें धनको आहेत: पूर्वीं मीं काय घातलें, आतां मला काय मिळावें? तेथें मागें पाहणें योग्य आहे, आणि अर्धें अर्धें हें उत्तर पुष्कळ वेळां बरोबर आहे. मुलाच्या बाबतींत दोघेंहि ऋणको आहेत. देणें त्यांना आहे, येणें मुलाला. दोन ऋणकोंनीं धनकोलाच अर्धा अर्धा वांटून घेणें हा न्यायाचा कोणता प्रकार? आमच्या भाषेनेंहि येथें दगा दिला आहे. कोर्टांत ‘मुलाचा ताबा’ म्हणतात. जमिनीचा ताबा, गोदामाचा ताबा, तसाच. ‘सांभाळ’ हा किती चांगला शब्द मराठींत पडून आहे! ताबा मिळतो, सांभाळ करावा लागतो.

कायद्याचा इतिहास पाहिला तर तो या ताब्याच्या कल्पनेंतून हळूहळू बाहेर पडत आलेला दिसतो. इंग्लंडांत बाप हाच मुलांचा धनी असे. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्यानें हिरावून नेले तेव्हां तिनें पत्रकें लिहून आकाशपाताळ एक केलें आणि १८३९ सालीं पार्लमेंटानें सात वर्षांखालील मुलांच्या सांभाळासाठीं आईला निदान अर्ज करूं दिला. आपल्याकडे १९५६ च्या अज्ञान व पालकत्वाच्या हिंदु कायद्यांत पालक पहिला बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. मात्र पांच वर्षांखालचें मूल सामान्यतः आईजवळ असावें असें म्हटलें आहे, आणि तेराव्या कलमांत मुलाचें कल्याण हेंच सर्वांत वरचढ असेंहि म्हटलें आहे. १९९९ सालीं गीता हरिहरन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ बाप मेल्यावरच असा नसून तो हजर नसेल, लक्ष घालीत नसेल तेव्हांहि असा लावला. विधि आयोगानें २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालांत दोघांच्या संयुक्त सांभाळाची शिफारस केली. बापाचा हक्क, मग आईचा हक्क, मग दोघांचा हक्क. मुलाचा हक्क म्हणून जें म्हणतात तें या मालिकेंत अजून धड उतरलेलें नाहीं.

‘मुलाचें कल्याण’ हे शब्द ऐकावयास गोड आहेत. परंतु एल्स्टर या तत्त्वज्ञानें दाखविल्याप्रमाणें दोन बऱ्या माणसांत कोणाकडे मुलाचें कल्याण अधिक होईल हें पुष्कळदां कोणालाच ठरवितां येत नाहीं, आणि तें ठरविण्यासाठीं जी कोर्टबाजी होते तिनेंच त्या कल्याणाचें मातेरें होतें. त्यापेक्षां नाणें उडविलेलें बरें, इथपर्यंत तो विचार नेतो. गोल्डस्टाइन, ॲना फ्रॉइड आणि सोल्निट या तिघांनीं १९७३ सालीं याच्या उलट टोकाचा उपाय सांगितला: मूल ज्याला मनानें धरून आहे अशा एकाकडे तें द्या, झटकन् द्या, कायमचें द्या, आणि दुसऱ्यानें भेटावें कीं नाहीं हेंहि त्यालाच ठरवूं द्या. हा उपाय आम्हांस क्रूर वाटतो. पण त्यांत एक खरें निरीक्षण आहे. मुलाचा काळ हा मोठ्यांच्या काळासारखा नसतो. त्याला सलगपणा हवा, आणि समसमान दिवस ही मोठ्यांची गरज आहे.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों असें म्हणतां आलें असतें तर बरें झालें असतें. दिवाळीच्या सुट्टींत दोघांनाहि एक दिवस कामावर जावें लागणार होतें, म्हणून मुलगी आमच्याकडे होती. आमच्या मंडळींबरोबर ती करंज्यांना मुरड घालीत बसली होती. बराच वेळ गप्प राहून तिनें विचारलें, "आजी, मी आज तुमच्याकडे आहे, तर आजचा दिवस कोणाच्यात धरायचा?"

मंडळींनीं त्या रात्रीं हा प्रश्न आम्हांस सांगितला आणि दिवा मालवला. आम्ही फार उशिरां झोंपलों.

मागाहून चौकशी केली तेव्हां कळलें. दोन घरांत दोन गणवेश, दोन ब्रश, दोन पलंग. पण वही जी हवी ती नेहमीं दुसऱ्या घरीं. तिच्या चित्रकलेच्या बाईंनीं घरचें चित्र काढावयास सांगितलें, तेव्हां तिनें विचारलें होतें, कोणत्या आठवड्यांतलें? बापाकडे आईचें नांव काढलें तर त्याच्या आठवड्यांतून कांहीं चोरल्यासारखें तिला वाटे. सात वर्षांच्या पोरीला आम्हीं हिशेबनीस केलें होतें.

पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या अर्जासाठीं निदान सहा महिने थांबावें असें कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ही मुदत योग्य कारण असल्यास माफ करतां येते असें ठरविलें, आणि हल्लीं पुष्कळ लोक ती माफ करून घेतात. या दोघांनीं ती मागितली नव्हती, याबद्दल आम्ही वकिलाच्या आळसाचे ऋणी आहों. त्या मुदतींत दोघांना पुन्हा बोलाविलें. या वेळीं आम्हीं क्रम बदलला. प्रथम मालमत्तेचा कागद पुरा केला: फ्लॅटची किंमत निम्मी निम्मी, तिच्या वडिलांनीं दिलेली रक्कम आधीं बाजूला काढून, दागिने तिचे, ठेवी निम्म्या, उरलेलें कर्ज मिळकतीच्या प्रमाणांत. सह्या झाल्या. तो कागद पाकिटांत घालून पाकीट चिकटवलें आणि सांगितलें कीं, पुढें कांहींहि ठरलें न ठरलें तरी हें उघडावयाचें नाहीं. मग मुलीचें बोलणें काढलें. हातांत सोडण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे माणूस मुलाविषयीं मुलाविषयींच बोलतो, असें आम्हांस त्या संध्याकाळीं दिसलें.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. घराचें काय? मुलीची शाळा, मैत्रिणी, जिना, जिन्यावरची मांजर, सगळें त्या फ्लॅटभोंवतीं आहे. घर मुलामागें जावें म्हणावें, तर जो मूल घेईल त्याला घर मिळेल, आणि पुन्हा मूल हें घराची किल्ली होऊन बसेल. हा पेंच आम्ही पुरता सोडविला असें म्हणत नाहीं. मालकी आणि वहिवाट निराळ्या केल्या, एवढेंच. निम्मा हिस्सा त्याचा तो त्याचाच. पण मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत फ्लॅट विकावयाचा नाहीं, तोंवर शाळेच्या दिवसांत ती आईबरोबर तेथें राहणार. त्यानें दहा मिनिटांच्या वाटेवर दोन खोल्या भाड्यानें घेतल्या. त्या भाड्याचा कांहीं भार त्याच्या कर्जाच्या वांट्यांतून वजा केला. रोज संध्याकाळीं तो तिला पोहावयास किंवा अभ्यासास नेतो, एक आड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे, सुट्या निम्म्या. मात्र मुलीला ‘तुला कोण हवें’ असें कोणीं विचारावयाचें नाहीं. समज आलेल्या अज्ञानाची इच्छा लक्षांत घ्यावी असें १८९० चा पालक व पाल्य कायदाहि म्हणतो. परंतु इच्छा लक्षांत घेणें निराळें आणि तिला साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें करणें निराळें. दप्तर कोठें ठेवलेलें बरें, झोंप कोठें लागते, हें विचारावें; तिच्या उत्तरांत बाकीचें येतें.

बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य घर सोडून निघतांना मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यांत वांटणी करूं म्हणतो. मैत्रेयीचा प्रश्न आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला. शेवटीं कात्यायनीच्या वांट्याला काय आलें हें उपनिषदांत नाहीं, आणि तें विचारावें असें आम्हांसहि या प्रकरणापर्यंत सुचलें नव्हतें.

फाल्गुनांत निकाल झाला. त्यानंतर एकदां तो एकटाच आला होता. व्यवस्था चांगली चालली आहे, मुलगी हंसते, असें त्यानें सांगितलें. मग जिन्यांत चप्पल घालतांना म्हणाला, "सर, तुम्ही बरोबरच केलंत. पण मला माझ्या घरात पाहुणा केलंत." त्याला काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं. त्याचें म्हणणें खरें आहे. मुलीला सलग घर मिळालें त्याची किंमत तिघांपैकीं एकानें अधिक भरली, आणि ती भरावी असें सांगणारे आम्ही होतों. समतेच्या तक्त्यांत निदान त्याचें दुःख तिच्या दुःखाएवढें होतें.

कायद्यानें एक शहाणपण ठेवलें आहे. मालमत्तेचा निकाल एकदां झाला कीं झाला. पण मुलांसंबंधींचा हुकूम सव्विसाव्या कलमाप्रमाणें निकालानंतरहि वेळोवेळीं बदलतां येतो. आमचा पाकिटांतला कागद कपाटांत आहे. दुसऱ्या कागदाच्या दोन प्रती दोन्ही घरीं आहेत, आणि त्यावर पेन्सिलीनें बरेंच खोडलेलें लिहिलेलें आहे. मुलगी आतां नऊ वर्षांची आहे. येत्या जूनांत पांचवींत जाईल आणि शाळा दुपारची होईल, तेव्हां संध्याकाळचें पोहणें जमणार नाहीं. त्यासाठीं मे महिन्यांत एका रविवारीं तिघांनीं आमच्याकडे जेवावयास यावयाचें ठरलें आहे. बंब अजून आमच्या गॅलरींत आहे.